राग आवरायचाय: चटई घ्यावी की वही?

उशीवर गुद्दे मारून राग ‘बाहेर काढा’ हा सल्ला आधी बाजूला ठेवतो. २०२४ साली दीडशेहून जास्त अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. राग ओकल्याने तो उतरतो असं त्यात दिसलं नाही. शरीर शांत करणाऱ्या उपायांनी मात्र उतरतो. मग माझ्यापुढे दोन वाटा उरल्या: अमेरिकन डॉक्टर जेकबसनचं स्नायू-शिथिलीकरण, म्हणजे एकेक स्नायू आवळून सैल सोडणं, आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिसची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे रागामागचा विचार तपासणं. मी दोन्ही तीन-चार महिने केल्यात.

जेकबसनचा गुण पहिल्याच दिवशी येतो, हे कबूल. मूठ पाच-सात सेकंद आवळा, सोडा. मग खांदे, जबडा, कपाळ. आपण दिवसभर दात आवळून फिरतो, हे मला तेव्हाच कळलं. पण याला वीसेक मिनिटं एकांत लागतो आणि आमचं वन रूम किचन. चटईवर आडवा झालो की आई विचारणार, “बरं नाही का रे?” मुलगा ओलांडून गॅलरीत जाणार. पोटऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर कुकरची तिसरी शिट्टी. एकदा तर पडल्यापडल्याच ओरडलो, “मला जरा शांत पडू द्याल का?” लोकलमध्ये करून पाहिलं, तर आवळलेली मूठ बघून शेजारचा म्हणाला, “अहो, धक्का चुकून लागला.”

एलिसला जागा लागत नाही. १९५५ पासून तो सांगत आला की, नुसत्या घटनेने राग येत नाही, तिच्याविषयीचा आपला हट्ट तो आणतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो: ‘च’. मुलुंडला चढलो, तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी कोणी सरकेना. ‘सरकला तर बरं’ म्हटलं तर नुसती चरफड. ‘सरकायलाच पाहिजे’ म्हटलं की कानशिलं तापतात. ते वाक्य मी वहीत लिहितो, ‘च’भोवती गोल करतो आणि खाली लिहितो, ‘का बरं?’ धड उत्तर क्वचितच सुचतं. तो सरकत नाहीच, पण दादरपर्यंत मी उभ्याने पेपर वाचू शकतो.

वहीचाही ताप आहे. लिहायचा कंटाळा येतो, फरक जाणवायला मला दीड महिना लागला. शिवाय बायकोने ती वाचली. निम्म्या ‘च’च्या आधी तिचंच नाव होतं, दोन दिवस अबोला.

रागात ज्यांचे हात थरथरतात, छाती धडधडते, त्यांना कदाचित जेकबसनच आधी मानवेल. आणि हात उगारण्यापर्यंत मजल जात असेल, तर दोन्ही प्रयोग एकट्याने नकोत. मुंबईत केईएम, सायन, नायर रुग्णालयांमध्ये मानसोपचार विभाग आहे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे.

झोपताना जबडा तेवढा सैल सोडतो. जेकबसनचं एवढंच उरलंय. वही रोज बॅगेत असते, हल्ली चेनच्या आतल्या कप्प्यात.