मों सँ मिशेल: पुलावरून की खाडीतून?

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याजवळच्या मों सँ मिशेल या बेटावरचा मठ बघायचा आणि तोही चालत जाऊन, इथपर्यंत ठरलं की खरी अडचण सुरू होते. एक वाट पार्किंगपासून कुएनों नदीच्या धरणाकडून आणि पुढे पुलावरून जाते. दुसरी समोरच्या किनाऱ्यावरच्या जने गावाजवळून, बेक दांदेनहून निघते आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या खाडीतून अनवाणी जाते. फोटो बघितले की सगळ्यांचा जीव दुसरीवर जडतो. खुशाल जडू दे, फक्त पैसे भरण्याआधी घड्याळ मांडून बसावं.

अलिबागला ओहोटी साधून कुलाबा किल्ल्यात गेलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, पण प्रमाण भलतंच आहे. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी ५ मीटरच्या आसपास चढतं. इथे मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या घरात जातो.

पुलाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १८७९ मध्ये बांधलेल्या भरीव रस्त्याने पाणी अडायचं आणि गाळ साचायचा. त्याच्या जागी २०१४ मध्ये खांबांवरचा हा पूल खुला झाला. मधून शटल बस, कडेने लाकडी फळ्यांची पायवाट. पार्किंगपासून वेशीपर्यंत रमतगमत ४०-५० मिनिटं लागतात. शटल फुकट आहे, पण निदान जाताना ती घेऊ नये: पूल वळणाचा आहे आणि पावलागणिक मठाची बाजू बदलत जाते. धरणावर पाच मिनिटं थांबावं. भरतीचं पाणी आत घेऊन ओहोटीत सोडतात आणि त्या लोंढ्याने बेटाभोवतीचा गाळ ढकलला जातो. सावली कुठेही नाही आणि आडवा वारा असतो, तेव्हा छत्रीऐवजी विंडचीटर. आत शिरल्यावर मुख्य गल्ली दुपारभर तुंबलेली असते. तिथे रेटारेटी करण्यापेक्षा तटबंदीवरचा जिना धरून वर जावं.

खाडीची गोष्ट वेगळी. अंतर एका बाजूने ६-७ किलोमीटर, वेळ दोन तास, कधी थोडा जास्त. सरळ रेषेत कोणी नेत नाही, कारण से आणि सेल्यून नद्यांचे प्रवाह जागा बदलत असतात. ते पायीच ओलांडायचे, आणि पाणी एखाद्या दिवशी पोटरीपर्यंत तर एखाद्या दिवशी मांडीपर्यंत. बूट नकोत, इथला बारीक राखाडी गाळ ते ओढून घेतो. पट्ट्यांच्या सँडलमध्ये वाळू अडकून कातडं सोलतं. हाफपँट, पिशवीत टॉवेल, कोरडी पादत्राणं आणि पाणी एवढं पुरे. गंमत म्हणजे तळव्यांना चिखलाचा त्रास होत नाही. लाटांनी उमटवलेल्या वाळूच्या कडक वळ्या मात्र टोचतात, आणि तासाभराने त्याच जाणवतात.

पाय ओढणाऱ्या वाळूची भीती थोडी अवास्तव आहे, पण निराधार नाही. पाण्याने भरलेली वाळू एका जागी उभं राहिलं की सैल होते आणि पाय रुततो. सरळ वर खेचला की आणखी घट्ट बसतो. अंग मागे टाकून वजन पसरायचं आणि पाय हलवत राहायचा, म्हणजे कडेने पाणी शिरून पकड सुटते. खरा धोका धुक्याचा आणि भरतीचा. इथली भरती दौडत्या घोड्याच्या वेगाने येते असं म्हणतात. प्रत्यक्षात वेग माणसाच्या चालण्याएवढाच, पण पाणी आधी खोलगट प्रवाहांत शिरतं आणि तुमच्या मागची वाट बंद करतं. म्हणून परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकू नये.

आता माझ्यापुरता ज्या गोष्टीने निकाल लावला ती. जाऊन-येऊन फेरीत बेटावर जेमतेम तास-दीड तास मिळतो, कारण परतायचं त्याच ओहोटीत. पोचता तेव्हा गुडघ्यापर्यंत गाळ, तो वाळून तडकलेला. पाय धुणं आणि पादत्राणं चढवणं यात पंधरा मिनिटं जातात. मग सुमारे ३५० पायऱ्या, वर पिशव्यांची तपासणी. मठाला किमान दीड तास हवा, आणि हातात उरतो अर्धा तास. मग काय राहून जातं? १४२१ मध्ये चर्चचा पूर्वेकडचा भाग कोसळल्यावर नवं बांधकाम पेलायला खाली उभारलेलं जाड खांबांचं तळघर. तेराव्या शतकातला ओवऱ्यांचा चौक. इथे तुरुंग असताना कैद्यांना आत चालवून सामान वर ओढणारं ते प्रचंड लाकडी चाक. बरेच जण खाली सँडविच खातात आणि परत फिरतात. जुने यात्रेकरू खाडीतूनच यायचे हे खरं, पण त्यांना त्याच दिवशी परतायची घाई नसायची.

शिवाय ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. तुमच्या तारखेला फेरी सकाळी निघेल की दुपारी, हे तुमच्या हातात नाही. फक्त जातानाची फेरी घेतली तर परत किनाऱ्यावर जायला रस्त्याने मोठा वळसा आहे आणि गाडी तिकडेच राहते.

तेव्हा एकच दिवस असेल तर माझा कल पुलाकडे. खाडीची हौस बेटाच्या पायथ्याशी निघणाऱ्या दोनेक तासांच्या छोट्या फेरीत बरीचशी भागते. गाळ, डुगडुगणारी वाळू, सगळं तिथेही आहे. दोन दिवस असतील तर पहिल्या संध्याकाळी पुलावरून मठ बघून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी खुशाल खाडी ओलांडावी, मग पायथ्याशी मिळणारा तास पुरतो. कोणाला मठात रसच नसेल तर माझं सगळं म्हणणं बाद.

तारीख निवडताना फ्रेंच भरती-गुणांक, म्हणजे भरती किती मोठी ते सांगणारा आकडा, बघा. तो २० ते १२० असतो आणि ११० च्या पुढे बेट थोडा वेळ खरंच बेट होतं, पूल आणि वेस यांमधली जमीन बुडते. ते बघायचं तर भरतीच्या दोन तास आधी तटबंदीवर हजर हवं. पंचांग जवळ असेल तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दीड-दोन दिवस धरा, मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासची उधाणं सगळ्यांत मोठी. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत पाणी बेटापर्यंत फिरकतही नाही.

मठाचं वेळ ठरवलेलं तिकीट आधीच काढा. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी असतो. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला मठ बंद. मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांनी महाराष्ट्र दिन तेवढा टाळावा.