केबलवरचे इंटरनेट आणि वारंवार तुटणारा मोडेम: चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पुण्यात कर्वेनगरमधील एका जुन्या चार मजली सोसायटीत मी राहते आणि घरूनच शास्त्रीय गायन शिकवते. माझे निम्मे विद्यार्थी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील आहेत. तिकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे सहा वाजलेले असतात, आणि त्याच वेळी आमची शिकवणी चालते. तानपुरा लावल्याशिवाय जशी ती सुरू होत नाही, तशी इंटरनेटशिवायही होत नाही. म्हणून ज्या मोडेमने चौदा महिने मला आणि माझ्या विद्यार्थ्यांना मनस्ताप दिला, त्याच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमच्या भागातील केबल ऑपरेटरमार्फत एका मोठ्या कंपनीची ही जोडणी मी घेतली. वर्षभराचे पैसे आगाऊ भरले, मोडेमसाठी वेगळी अनामत दिली. टीव्हीसाठी घरात आधीच आलेल्या केबलवरच इंटरनेट मिळणार असल्याने नवी तार ओढावी लागणार नव्हती, आणि त्या वेळी मला तीच मोठी सोय वाटली. वेग सेकंदाला १०० मेगाबिट सांगितला होता; मोजून पाहिल्यावर तो बहुतेक वेळा ९० च्या वर भरत असे. वेगाबद्दल माझी तक्रार तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

तक्रार आहे ती सातत्याची. पहिले तीन आठवडे ठीक गेल्यानंतर दिवसातून दोनदा, मग पाच-सहा वेळा मोडेमवरचा जोडणीचा दिवा लुकलुकू लागे आणि चार ते सात मिनिटे सगळे बंद पडे. त्यातही एक विशेष मला लवकरच लक्षात आला. पूर्ण बंद पडण्याआधीची एक-दोन मिनिटे समोरच्या मुलीचा आवाज मला व्यवस्थित ऐकू येत असे, पण माझा आवाज तिच्यापर्यंत पोहोचत नसे. आमचे शिक्षण ऐकून म्हणण्याचे आहे. मी पलटा म्हणायचा आणि तिने तो उचलायचा. मी भूपातली एक मींड तीनदा गाऊन दाखवावी आणि तिने संकोचून ‘ताई, काहीच ऐकू आलं नाही’ असे सांगावे, हे आठवड्यातून चार-चार वेळा होऊ लागल्यावर मुलांचा उत्साह मावळतो. एका नऊ वर्षांच्या विद्यार्थिनीने याच कारणाने दोन महिने शिकवणी थांबवली, आणि त्याचे वाईट मला अजून वाटते.

मदत केंद्राचे उत्तर प्रत्येक वेळी एकच असे: मोडेम बंद करा, तीस सेकंद थांबा, पुन्हा चालू करा. चालू केल्यावर जोडणी येतही असे, त्यामुळे तक्रार ‘निकाली’ म्हणून नोंदवली जाई आणि तसा संदेश माझ्या मोबाइलवर येई. पाच महिन्यांत दोनदा मोडेम बदलून दिला. तिन्ही मोडेमना एकच आजार जडलेला पाहून दोष केवळ पेटीत नसावा हे माझ्यासारख्या या विषयातल्या अनभिज्ञ व्यक्तीलाही कळले. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांनी मात्र ही शक्यता कधीही बोलून दाखवली नाही.

माझ्या भाच्याने मला एक गोष्ट शिकवली, आणि केबल मोडेम वापरणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असावी असे मला मनापासून वाटते. बहुतेक केबल मोडेमचे स्वतःचे एक माहितीपान असते. घरच्याच संगणकावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की ते बऱ्याचदा उघडते, आणि मोडेमला सिग्नल किती मिळतो व तो परत पाठवताना त्याला किती जोर लावावा लागतो याचे आकडे तिथे दिसतात. येणाऱ्या सिग्नलची पातळी शून्याच्या आसपास, म्हणजे उणे ७ ते अधिक ७ या दरम्यान असणे चांगले मानतात. आमच्याकडे ती उणे ११ होती. परतीच्या सिग्नलचा जोर ५० च्या वर जाऊ लागला की मोडेम आपल्या क्षमतेच्या टोकाशी आला असे समजावे. आमचा ५२ वर होता. पलीकडच्या यंत्रणेला मोडेमचे म्हणणे नीट ऐकू येत नसेल तर ती त्याला जोर वाढवायला सांगते, आणि जोर वाढवूनही उत्तर मिळाले नाही की मोडेम काही वेळ वाट पाहून पुन्हा पहिल्यापासून जोडणी करू लागतो. माझाच आवाज आधी का हरवत होता, याचा उलगडा मला त्या आकड्यांतून झाला.

परतीचा मार्गच असा नाजूक का असतो, हेही मला पुढे समजले. घरातून कंपनीकडे जाणारा सिग्नल केबलमधल्या अगदी खालच्या वारंवारतेच्या पट्ट्यातून जातो, आणि मिक्सरची मोटर, सैल जोडणी किंवा तुटके आवरण यांतून शिरणारा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येऊन बसतो. शिवाय एका भागातील सगळ्या घरांच्या तारा पुढे एकत्र मिळत असल्याने एका घरातला गोंगाट साऱ्यांच्या वाट्याला येतो. म्हणजे माझ्या घरातले सर्व काही निर्दोष असले तरी शेजारच्या इमारतीतील एक उघडी पडलेली तार माझी शिकवणी बंद पाडू शकते. हे शोधून काढणे ग्राहकाच्या हातात नाही, ते कंपनीचेच काम आहे.

हे आकडे एका वहीत रोज टिपून ठेवले. चौथ्या खेपेला जे तंत्रज्ञ आले, त्यांनी ती वही उभ्या उभ्या चाळली नाही, खाली बसून पूर्ण वाचली. त्यांनी पंख्याच्या वर भिंतीलगत बसवलेला चार तोंडांचा जुना स्प्लिटर, म्हणजे एका तारेतला सिग्नल अनेक तारांत वाटून देणारी छोटी पेटी, काढला. पूर्वी दोन खोल्यांत टीव्ही होते तेव्हाचा तो होता, आणि त्याची तीन तोंडे रिकामीच होती. अशा स्प्लिटरमध्ये सिग्नल साधारण ७ डेसिबलने घटतो. तो काढून तार थेट जोडताच येणारी पातळी उणे ४ वर आली आणि परतीचा जोर ४५ वर उतरला. आधीच्या तिघांनी या स्प्लिटरकडे मान वर करूनही पाहिले नव्हते.

पुढचे पाच आठवडे अतिशय समाधानाचे गेले, आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडताच जोडणी पुन्हा तुटू लागली. तेच तंत्रज्ञ पुन्हा आले आणि सरळ गच्चीवर गेले. टाकीच्या मागे तारेला जोड दिलेला होता, त्यावर केवळ चिकटपट्टी गुंडाळली होती आणि आत पाणी शिरून तांब्याचा गाभा हिरवा पडला होता. त्यांनी तेवढा तुकडा कापला, नवा कनेक्टर दाबून बसवला आणि तार खाली झोळ देऊन वळवली, जेणेकरून पाणी जोडाकडे न येता झोळातून ठिबकून जाईल. इतके साधे काम दहा महिने का रखडावे, याचे उत्तर मला कोणीही दिलेले नाही. त्या गृहस्थांचे मात्र मी मनापासून आभार मानते.

आता मोडेमविषयी, कारण तारेचे दोष दूर झाल्यावरही त्याचे स्वतःचे दोष उरले आहेत. वाय-फाय आणि मोडेम एकाच पेटीत असल्याने बाहेरची जोडणी तुटली तरी मोबाइलवर वाय-फायची पूर्ण खूण दिसत राहते, आणि घरातील ज्येष्ठ माणसे आपल्याच फोनमध्ये बिघाड झाला असे समजतात. क्षणभर वीज जाऊन आली तर तीनपैकी एका खेपेला तो अडकून पडतो आणि हाताने बंद-चालू करावा लागतो. घडामोडींची नोंद तो ठेवतो, परंतु नव्याने सुरू झाल्यावर नेटवर्ककडून वेळ मिळेपर्यंतच्या साऱ्या नोंदींवर १ जानेवारी १९७० ही तारीख पडते. त्यामुळे जो काळ तपासायचा असतो, नेमक्या त्याच नोंदी निरुपयोगी ठरतात.

विजेबाबत आणखी एक सांगायला हवे. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, म्हणून वीज गेली तरी शिकवणी चालू राहील असे मी धरून चालले होते. पण आमच्या गल्लीचा अँप्लिफायर, म्हणजे तारेतला सिग्नल वाढवून पुढे पाठवणारे यंत्र, शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली असून त्याला बॅटरी नाही. तिथली वीज गेली की माझा इन्व्हर्टर काहीही करू शकत नाही. जोडणी घेताना हे विचारायला हवे होते, आणि ते मी विचारले नाही.

तक्रारीच्या बाबतीत वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की प्रत्येक तक्रारीचा क्रमांक मागून घेण्याचा आपला हक्क आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार, तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्या अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा लागतो. मी वहीची छायाचित्रे आणि अकरा तक्रार क्रमांक जोडून अपील केले. त्यानंतर एका महिन्याचे शुल्क परत मिळाले, मात्र बिघाडाच्या कारणाविषयी त्या पत्रात एक ओळही नव्हती.

एकूण सेवेला मी पाचपैकी दोन गुण देते. वेगाला एक आणि त्या तंत्रज्ञांना एक. आपल्या सोसायटीत थेट घरापर्यंत फायबर येत असेल तर शिकवणीसारख्या, दोन्ही बाजूंनी आवाज जाण्याच्या कामासाठी ही केबलची जोडणी घेऊ नये. पर्याय नसेल तर वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत, पहिल्याच दिवशी माहितीपानाचे आकडे टिपून ठेवावेत आणि घरातला जुना स्प्लिटर काढून घ्यावा. आमच्या इमारतीत फायबरसाठी नळी टाकण्याची परवानगी सोसायटीने गेल्या सभेत दिली आहे. ते काम होईपर्यंत मी या मोडेमचे शुल्क महिन्याच्या महिन्याला भरते आहे, आणि सकाळी सहाच्या शिकवणीसाठी मोबाइलचे इंटरनेट शेजारी तयार ठेवते.