सेंट लुइसच्या आर्चखालचं संग्रहालय: आधी खाली, मग वर

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मिसिसिपी नदीकाठी स्मारक म्हणून उभारलेली उंच कमान म्हणजे गेटवे आर्च. ही आर्च बघायला आलेली बरीच मंडळी थेट तिच्या माथ्यापर्यंत नेणारी ट्राम गाठतात, वर फोटो काढतात आणि निघतात. खरा ऐवज मात्र जमिनीखालच्या सहा दालनांत आहे, आणि तो फुकट आहे. 2018 मध्ये नव्याने उघडलेली ही मांडणी सेंट लुइस इथेच का वसलं आणि कसं वाढलं, हे नीट समजावते.

वसाहतकाळाच्या दालनाला पाऊण तास तरी द्या. पिएर लाक्लेदने 1763 च्या डिसेंबरात जागा हेरली आणि फेब्रुवारी 1764 मध्ये किशोरवयीन ओग्युस्त शूतो तीसेक माणसं घेऊन कामाला लागला. चुनखडीच्या कड्यावर पुराचं पाणी पोचत नव्हतं आणि फरच्या व्यापाराची वाट असलेल्या मिसुरी नदीचा मिसिसिपीशी संगम जवळ होता. गाव नदीला समांतर अशा तीन रस्त्यांवर आखलं. शेतं मात्र लांबलचक पट्ट्यांची, साधारण 58 मीटर रुंद आणि सव्वादोन किलोमीटर लांब. तरी लोकांचा जीव व्यापारातच जास्त. पीठ बाहेरून आणावं लागे, म्हणून गावाला ‘पँकूर’, म्हणजे भाकरीची चणचण असलेलं गाव, असं नाव पडलं.

इथली उभ्या ओंडक्यांच्या घराची प्रतिकृती जवळून बघा. आडवे ओंडके रचण्याऐवजी फ्रेंच लोक ते शेजारी शेजारी उभे करत आणि फटींत माती-गवताचा गारा भरत. ओंडका थेट जमिनीत पुरला की बुडाशी कुजतो, म्हणून न कुजणारं सीडर वापरत, नाहीतर दगडी जोत्यावर आडवी तुळई टाकून त्यावर ओंडके उभारत.

नदीकाठच्या दालनात वाढीचा वेग कळतो. पहिली आगबोट 1817 मध्ये लागली. पुढे धक्क्यासमोर वाळू साचून बंदरच बुजायची वेळ आली, तेव्हा 1837 पासून लष्करी अभियंता रॉबर्ट ली याने बांध घालून प्रवाह शहराच्या बाजूला वळवला आणि पाण्यानेच गाळ खरवडून नेला. 1849 मध्ये एका आगबोटीवरची आग पसरून 23 बोटी आणि चारशेहून जास्त इमारती जळाल्या. तरीही 1840 ची साडेसोळा हजारांची वस्ती 1860 मध्ये 1,60,000 वर गेली होती.

एक गोष्ट मनाला लागते. मूळ गाव याच जमिनीवर होतं, पण स्मारकासाठी 1939 पासून रस्त्यांमधले इमारतींचे जवळपास 40 गट (ब्लॉक) पाडले गेले. कड्याची उंचीही दालनात अंगावर येत नाही. बाहेर पडल्यावर 1834 चं जुनं कॅथेड्रल आवर्जून बघा, तेवढं मात्र राखलं आहे.

ट्रामचं तिकीट आधीच काढा आणि सुरक्षा तपासणीसाठी अर्धा तास हाताशी ठेवा. एका डब्यात 5 जण गुडघ्याला गुडघा लावून बसतात, दार जेमतेम 4 फूट उंच. चढायला 4 मिनिटं, उतरायला 3. वर-खाली पायऱ्या असल्यामुळे व्हीलचेअर वर नेता येत नाही, आणि बंद जागेची भीती असलेल्यांनी हा बेत करू नये. वरच्या खिडक्या 7 इंच उंच, 27 इंच रुंद. पूर्वेकडच्या खिडकीवर ओणवं होऊन खाली बघितलं की धक्क्याची जागा दिसते.

नंतर पायऱ्या उतरून नदीपर्यंत जा. पाणी चढलेलं असलं तर खालचा रस्ता बंद असतो, तेव्हा ईड्स पुलाच्या पादचारी मार्गावरून काठ चांगला दिसतो.