"हा डॉन कोण?" – अण्णांसाठी घेतलेलं वार-तारखेचं डिजिटल घड्याळ, सात महिन्यांनंतर

रेटिंग पाचपैकी साडेतीन. आता सविस्तर लिहिते, कारण घ्यायच्या आधी मी मराठीत कुणी अनुभव लिहिलाय का ते लई शोधलं आणि काहीच मिळालं नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी होते, हळदीच्या सीझनला पहाटेच घर सोडायचे. दोन वर्षांमागं अल्झायमर्स निघाला (आधी डॉक्टरांनी थायरॉईड, बी १२ सगळं तपासून घेतलं, कधीकधी विसरण्याचं कारण तिथंच सापडतं म्हणे, आमच्याकडं नाही सापडलं). दिवसा फार त्रास नसतो, स्वतःचं आंघोळ-जेवण स्वतः करतात. पण रात्री अडीचला उठायचं, लेंगा-शर्ट चढवायचा, टोपी घालायची आणि दाराची कडी काढायला लागायचं, "सौद्याला उशीर झाला". समोर भिंतीवर चांगलं काट्यांचं घड्याळ होतं आणि ते त्यांना वाचताही यायचं, पण अडीच म्हणजे कुठले अडीच हे ते घड्याळ सांगत नाही ना. आम्ही "अहो अण्णा रात्र आहे" म्हणायचो आणि ते घड्याळाकडं बोट दाखवायचे. बरोबर तेच.

आधी हरभट रोडला दुकानात विचारलं. दुकानदारानं लाल आकड्यांचं एलईडी घड्याळ दाखवलं, दुकानांत असतं तसलं, सेकंद पळणारं. घेऊन आलो. अण्णा दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "काटा स्थिर होईना, वर काय ठेवलंय?" त्यांना तो वजनकाटा वाटला, आणि चूक त्यांची नाही, जन्म गेला लाल आकडे वाचून पावत्या करण्यात! दुसऱ्या दिवशी परत केलं.

मग हे ऑनलाईन मागवलं, अडीच हजारांच्या जरा पुढं गेलं. आठ इंची स्क्रीन, काळ्यावर पांढरी मोठी अक्षरं, वार, दिवसाचा कुठला भाग, वेळ, तारीख, बस्स. वार-महिना पूर्ण स्पेलिंगमध्ये येतो, तोडून नाही, हे फार चांगलं. रात्री उजेड आपोआप कमी होतो. पलंगावरून, चष्मा न लावता दिसतं.

पहिली तक्रार भाषेची. मेनूत पंधरावीस भाषा आहेत, मराठी नाही आणि आमच्या मॉडेलला हिंदीपण नाही. अण्णा जुने मॅट्रिक, इंग्रजी अक्षरं लागतात, पण पहिल्याच रात्री तीन वाजता मला हाक, "सूनबाई, हा डॉन कोण?" जाऊन बघते तर स्क्रीनवर 'बिफोर डॉन', म्हणजे उजाडायच्या आधी. आता काय सांगायचं! ह्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ते दिवसाचे बारीक बारीक भाग काढून टाकले, आता नुसतं मॉर्निंग, आफ्टरनून, ईव्हनिंग, नाईट. 'नाईट' त्यांना पक्कं कळतं. नाईटला यार्ड बंद.

फरक पडला का? पडला, पण जाहिरातीत दाखवतात तसा एका रात्रीत नाही. उठणं थांबलं नाही, उठल्यावर काय करतात ते बदललं. मधे एकदा मी जागीच होते. उठून बसले, पाय खाली सोडले, घड्याळाकडं बघितलं, ओठांतल्या ओठांत "ना... ई... ट" वाचलं, टोपीकडं गेलेला हात मागं घेतला आणि परत आडवे झाले. मला उठावं लागलं नाही, त्यांना कुणी "झोपा आता" म्हणून दटावलं नाही. आठवड्यातनं चारपाच रात्री असं होतं, उरलेल्या रात्री अजून कडीपर्यंत जातात, खोटं कशाला सांगू.

दुसरा फायदा माझ्या डोक्यातच नव्हता. अण्णा दिवसातनं वीसदा वार विचारायचे, पण सरळ नाही, त्यांना लाज वाटायची. "आज उपास कुणाचा गं?" किंवा "मिरजेचा बाजार कधी?" असं फिरवून फिरवून. आता मान वळवून बघतात आणि वरनं मलाच सांगतात, "शुक्रवार आहे, देवीचं बघा." वार मराठीत हवा म्हणून मी पुठ्ठ्याच्या सात पाट्या केल्या, जाड मार्करनं सोमवार, मंगळवार असं लिहून घड्याळाखाली खिळ्याला अडकवायच्या. रोज सकाळी पेपर आला की पेपरावरचा वार बघून पाटी तेच बदलतात. कधी दोन पाट्या एकदम अडकवतात, मी हात लावत नाही.

आता खटकलेलं. गोळीची आठवण करून देणारा अलार्म आहे, तो आमच्याकडं पूर्ण फेल. टुंग टुंग वाजलं की अण्णा दार उघडायला जातात. सात दिवसांच्या कप्प्यांची डबी पण आणली होती, त्यातले एकदा दोन दिवसांचे कप्पे एकदम रिकामे झाले, त्या दिवशी आमची पळापळ झाली ती वेगळीच. तेव्हापासून फक्त त्या वेळची गोळी वाटीत आणि वाटी चहाच्या कपाशेजारी.

बटणं मागच्या बाजूला उघडी आहेत. अण्णांनी पुसताना दाबली आणि घड्याळ भलत्याच भाषेत गेलं, ते परत आणायला माझ्या लेकीचा रविवार गेला. वर काळी चिकटपट्टी मारली, विषय संपला. लाईट गेली की वेळ चुकत नाही पण स्क्रीन काळी होते, म्हणजे ज्या रात्री अंधार आणि घोळ जास्त त्याच रात्री घड्याळ झोपतं, म्हणून इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावा. अॅडॅप्टर तीन महिन्यांत गेला, विक्रेत्यानं "पॉलिसीमध्ये येत नाही" म्हणून हात वर केले, तसला शंभर-दीडशेला बाहेर मिळाला.

ह्याच्याबरोबर एक इंडक्शन पण घेतलं होतं, गॅस चालू राहायची भीती म्हणून. ते माळ्यावर आहे. डॉक्टर म्हणाले होते की ह्या आजारात नवीन आठवण साठवणारा मेंदूचा भाग लवकर बिघडतो, हाताची जुनी सवय बऱ्याच उशिरापर्यंत टिकते. तेव्हा हो हो केलं आणि घरी येऊन टच बटणं शिकवत बसलो! अण्णा शेगडीचा कान पिरगाळायला जायचे आणि तिथं कानच नाही. आता चहा जुन्या गॅसवर तेच करतात, मी ओट्याजवळ उभी असते, आणि रात्री रेग्युलेटर बंद करून मगच झोपते. हे घड्याळ चाललं ते एवढ्यासाठीच की त्यात शिकायचं काही नाही, बघायचं फक्त. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची सवय त्यांना होतीच.

घेणार असाल तर जुनं घड्याळ जिथं होतं तिथंच लावा, आम्ही आधी टीव्हीशेजारी ठेवलं होतं तर पंधरा दिवस ते जुन्या खिळ्याकडंच बघत होते. दोन घड्याळं समोरासमोर नकोत. वाचणं पूर्ण सुटलेलं असेल तर पैसे घालवू नका. आणि मागवायच्या आधी भाषांची यादी विक्रेत्याला विचारून घ्या, मराठीचं कुठलं मॉडेल सापडलं तर मला पण सांगा, पाट्यांचे कोपरे आता झिजायला लागलेत.