खुडूक कोंबडी की इन्क्युबेटर?

नागपुरात परसात गावठी कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांची एक कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तेव्हा अंडी तिच्याखाली ठेवावीत की इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवण्याचे यंत्र, घ्यावा, असा पेच त्यांना पडला. दिवस दोन्हीकडे २१च. कोंबडी १०-१२ अंडी पोटाखाली घेते, चोचीने स्वतःच फिरवते आणि खर्च काय तो मूठभर दाण्यांचा. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ती अंड्यांवरून उठू शकते, म्हणून टोपली सावलीत आणि पाण्याचे भांडे चोचीच्या अंतरावर हवे. यंत्रात ३७.५ अंश तापमान व ओलावा सांभाळावा लागतो, आणि वीज गेली की जीव टांगणीला. शिवाय पिल्लांना पुढचे काही आठवडे दिव्याची ऊब द्यावी लागते. कोंबडी ती पंखांखाली फुकट देते, घार दिसताच हाकही घालते. घरापुरती डझनभर पिल्ले हवी असतील तर कोंबडीच बरी. कोंबडी खुडूक होण्याची वाट न पाहता, विक्रीसाठी दर महिन्याला शेकडो पिल्ले काढायची असतील, तरच यंत्र परवडते.