आयनॅचरलिस्ट : खानापूरच्या रानात पावसाळाभर वापरल्यानंतर

बेळगावजवळच्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यातली झाडं, बेडूक, पतंग गटाने ओळखायला शिकायचे असतील तर आयनॅचरलिस्ट हे ॲप जरूर घ्यावं; त्यावर फोटोची नोंद टाकली की इतर वापरणारे जीव ओळखायला मदत करतात. फोटो टाकल्याबरोबर ते जी नावं सुचवतं, तो मात्र त्यातला सगळ्यात कच्चा भाग. शिकणं सुरू होतं ते कुणी अनोळखी जाणकार खाली "पानाची मागची बाजू आहे का?" असं विचारतो तेव्हा.

ऐन (कन्नड शेजाऱ्यांचा मत्ती) आणि किंजळ घ्या. लांबून काढलेला नुसत्या फांदीचा फोटो टाकला की नोंद 'टर्मिनेलिया' या दोघांच्या सामाईक प्रजातीवर येऊन अडते, पुढे जातीपर्यंत जात नाही. साल, पानाची वरची बाजू, देठासकट मागची बाजू आणि फूल किंवा फळ असे चार फोटो एकाच नोंदीत हवेत. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळते, फळाला पाच सारखे पंख असतात. किंजळीच्या फळाला तीन, त्यातला एक मोठा. फळं धरली की वाद मिटतो, तोवर नोंद तशीच राहू द्यावी.

तारीख, जागा आणि फोटो असलेल्या रानटी जिवाच्या नोंदीवर किमान दोघांचं एकमत झालं, किंवा मतभेद असताना दोन-तृतीयांशाहून जास्त मतं एका जातीला पडली, की ती 'रिसर्च ग्रेड' (संशोधनाला वापरण्याजोगी) होते. ओळखीच्या माणसांच्या गटात घोळ होतो तो इथेच. एकाने नाव टाकलं की बाकीचे मैत्रीखातर 'ॲग्री' (सहमत) दाबतात आणि चूक पक्की होते. त्याला उपाय एकच: कारण लिहिता येत नसेल तर ॲग्री नाही. अंगणातली जास्वंद असेल तर 'लागवडीची' अशी खूण करावी.

जागेचा गोंधळ बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा असतो. तिथे फोटो म्हणून पाठवलं की जागा आणि वेळेची माहिती गळते, मग कणकुंबीचा बेडूक बेळगाव शहरातल्या टिळकवाडीत निघतो! मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी. रेंज नसेल तिथे नोंद फोनमध्येच ठेवून घरी चढवावी. दाट झाडीत जीपीएस स्थिरावेपर्यंत थांबावं, नाहीतर अचूकतेचं वर्तुळ भलतंच मोठं येतं.

झुडपांवरच्या लहान बेडकांना फोटो पुरत नाही. अर्धा मिनिट आवाज टिपून तीही फाइल नोंदीला जोडावी. पक्षी, फुलपाखरं लवकर ओळखली जातात. कोळी, गवतं महिनोन्महिने पडून राहतात, कारण ओळखणारे मोजके आणि खुणा भिंगाखालच्या.

संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या जातींची जागा ॲप आपोआप झाकतं, नकाशावर ०.२ अंशाचा चौकोन तेवढा दिसतो. यादीत नसलेली आमरी (ऑर्किड) किंवा खरपुडी (सेरोपेजिया) मात्र उघडीच राहते, तिची जागा हाताने झाकावी. फोटोत मैलाचा दगड आला असेल तर झाकूनही उपयोग नाही.

अळंबीचा टोपीवरून घेतलेला एकच फोटो टाकू नये. टोपीखालच्या पात्या आणि माती बाजूला करून देठाचा बुडखा दाखवावा. तरीही तिथे मिळालेल्या नावाच्या भरवशावर कालवण करू नये.