स्विस गार्डच्या हातात कोणतं पिस्तूल: सिग पी२२० की ग्लॉक १९?

व्हॅटिकनमधल्या कटकारस्थानाचा थ्रिलर म्हटला की सुटाबुटातला स्विस गार्ड, म्हणजे पोपचा अंगरक्षक, कोटाखालून पिस्तूल काढणारच. खऱ्या गार्डकडे सिग पी२२० आणि ग्लॉक १९ दोन्ही आहेत, त्यामुळे पडद्यावर दोन्ही चालतात. पण ती दाखवताना होणाऱ्या चुका वेगवेगळ्या.

सिग हे १९७५ साली स्विस सैन्याने घेतलेलं पिस्तूल. धातूची बॉडी, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) ९ गोळ्या. मागे हॅमर (गोळी उडवणारा घोडा) दिसतो, म्हणून तो अंगठ्याने मागे ओढून धमकावण्याचा सीन इथे शोभतो. युरोपीय नमुन्यात मॅगझिनची कळ मुठीच्या तळाशी असते; ती मागे दाबून धरायची आणि मॅगझिन हाताने खेचायचं. बटण दाबताच मॅगझिन खाली पडताना दाखवलं, की ते त्या काळातलं स्विस पिस्तूल नाही हे समजावं. शिवाय संकलनात नववी गोळी मोजायला कोणाला सवड असते!

ग्लॉक १९ मध्ये १५ गोळ्या, बॉडी पॉलिमरची, वजनाला हलकं, कोटाखाली लपायला सोपं. बाहेर हॅमरच नाही. तरी साउंडवाले हॅमर ओढल्याचा ‘खट्ट’ घालतातच. दर धमकीला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढणंही खोटं: चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या तोंडाशी मागे, आधीच गोळी असेल तर न उडवलेली गोळी बाहेर पडते.

१९८०-९०च्या दशकातल्या कथेला सिगच हवं. आजच्या काळातल्या कथेत ग्लॉक बरं, फक्त तो आवाज काढून टाका.